पान्याने वाचायचा इतिहास

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. एक कौतुकाची, दुसरी कीव केल्याची. कौतुक करणारा विचारतो, 'कितवं मॉडेल?' कीव करणारा विचारतो, 'अजून चालते?' गेल्या पंधरा वर्षांत या दोन्ही प्रश्नांची मला सवय झाली आहे. माझ्याकडे १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी आणि मी वयाने जवळपास बरोबरीचे, त्यामुळे दुसरा प्रश्न कधीकधी मला स्वतःलाही लागू पडतो.

मी कवी माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्राशी शाळा-कॉलेजात कधी संबंध आला नाही. पण रविवारी सकाळी हातात पाना घेऊन बॉनेटखाली डोकं घातलं, की मला जे वाचायला मिळतं ते बऱ्याच ग्रंथांत मिळालेलं नाही. आपण इतिहास शिलालेखांत शोधतो, बखरींत शोधतो, दप्तरखान्यात शोधतो. पत्र्यात, नटबोल्टात, घासलेल्या बुशात तो शोधावा असं आपल्याला सहसा वाटत नाही. आज मला त्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे, आणि तो वाचता येणारी माणसं कमी होत चालली आहेत त्याबद्दलही.

ही गोष्ट सुरू होते माझ्याच गावच्या एका माणसापासून. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटं घेणारा हा माणूस पुढे १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनमधून जहाजांच्या धंद्यात उतरला, १९४० साली त्याने बंगळूरला विमानाचा कारखाना उभा केला, विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा. समुद्र झाला, आकाश झालं, राहिला रस्ता. मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात व्हावा म्हणून सर विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात परदेशांत फिरून एक योजना तयार केली होती आणि वालचंदांचा तिला पाठिंबा होता. १९३७ साली मुंबई प्रांतात आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळही अनुकूल होतं. पण दिल्लीच्या आणि लंडनच्या सरकारला त्यात रस नव्हता. हिंदुस्थानने मोटारी विकत घ्याव्यात, बनवायच्या कशाला, असा तो हिशेब. वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना उभा राहिला मुंबईत, कुर्ल्याला. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या.

पण गाडी जोडणं वेगळं आणि गाडी बनवणं वेगळं. परदेशातून खोक्यांत सुटे भाग यायचे आणि ते इथे जोडले जायचे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा असा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचीही जोडणी इथे चाले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरवलं, की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या देशात राहावं. अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मैदानात राहिले ते मोजके. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि कुर्ल्याला प्रीमियर. पुढची तीस वर्षं भारतातल्या मध्यमवर्गाने मोटारीची जी काही स्वप्नं पाहिली, ती या दोन-तीन दारांतच पाहिली.

आता जरा इटलीत जाऊ. महायुद्धाने मोडलेला तो देश पन्नासाव्या दशकात पुन्हा उभा राहत होता. तुरीन शहरातल्या फियाट कंपनीने १९५३ साली 'अकराशे' नावाची नवी गाडी बाजारात आणली. दांते जाकोसा हा तिचा रचनाकार. छोट्या कुटुंबाला परवडेल, कमी पेट्रोल पिईल आणि डोंगरातही चढेल अशी गाडी हवी होती. जाकोसाने एक धाडस केलं. जुन्या गाड्यांत खाली लोखंडी चौकट असायची, तिला चासी म्हणतात. तिच्यावर वरचं शरीर बसवलेलं असायचं. या गाडीत वेगळी चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. त्यामुळे ती हलकी झाली. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, मागे पाट्यांचे कमानी पाटे. हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण तुरीनमध्ये ठरलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन कुर्ल्यात विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिलं. इटलीने १९६९ च्या सुमारास ज्या गाडीला निरोप दिला, तिला आपण आणखी तीस वर्षं नांदवलं.

कुर्ल्यात ही गाडी १९५४ पासून तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या रूपाचं नाक गोल आणि पुढे आलेलं. मुंबई-पुण्याच्या लोकांनी तिचं बारसं केलं 'डुक्कर फियाट'. आमच्या सोलापूरच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे ती होती. आमच्या अम्मींना हे नाव उच्चारणं जड जाई. त्या तिला 'डॉक्टरसाहेबांची बुटकी' म्हणत. त्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मागच्या बाजूला. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली आणि १९६४ साली आली 'डिलाइट'. चौकोनी, नीटस, दरवाजे सरळ उघडणारी. आपण आज जिला पद्मिनी म्हणून ओळखतो तिचा चेहरा हाच.

या गाडीचं मोल काय होतं ते एका उदाहरणावरून कळतं. १९६४ साली पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यायची ठरवली. किंमत बारा हजार रुपये. बँकेत होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. १९६६ साली ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ते पुढे ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीला शास्त्रींच्या स्मारकात ठेवलेली आहे.

पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा. मोटारींच्या विक्रीवरच नियंत्रण होतं. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या. त्यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या व्यवस्थेचा एक परिणाम कागदावर दिसत नाही, पण गाडीत दिसतो. नवी गाडी मिळतच नाही म्हटल्यावर जुनी मरू द्यायची नाही, असं सगळ्या देशाने ठरवलं.

माझ्या गाडीत मला हे जागोजागी सापडलं. मी ती घेतली तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. गालिचा काढला तर खाली एकावर एक तीन ठिगळं. सर्वांत खालचं ठिगळ चक्क तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, त्यावरची पुसट अक्षरंही दिसत होती. वेगळी चासी नाही हे मी मघाशी सांगितलं. म्हणजे या गाडीत तळाचा पत्रा गंजला तर नुसता पाय ओला होत नाही, गाडीचा कणाच दुबळा होतो. ते ठिगळ लावणाऱ्याला हे ठाऊक असणार. पण त्याला चांगला पत्रा मिळाला नसेल, आणि गाडी तर सोमवारी कामावर न्यायची असेल. गिअरचा दांडा या गाडीत स्टिअरिंगच्या खाली असतो. त्याच्या जोडणीतले बुश झिजले की गिअर अडकतो. माझ्या गाडीतला एक बुश मूळचा नव्हता. कुणीतरी लेथवर फिरवून केलेला पितळी बुश होता तो, इतका नेमका की मी तो बदलला नाही. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझचा आकडा दिसला. म्हणजे सिलिंडर झिजल्यावर कुणीतरी बोअरिंग करून घेतलं होतं, मोठे पिस्टन घातले होते. डब्याचं ठिगळ, पितळी बुश, पिस्टनवरचा आकडा. टंचाईच्या काळावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्या काळात माणसं रोजचा दिवस कसा ढकलत होती याचा इतका चोख पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

नावाचीही एक गंमत आहे. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास गाडीला 'प्रीमियर प्रेसिडेंट' नाव मिळालं आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीवरून हे नाव घेतलं असं सांगतात. १३०३ साली अलाउद्दीन खिलजीने चितोड जिंकलं हा इतिहास. पण पद्मिनीची कथा लोकांच्या मनात ठसली ती १५४० साली मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने अवधी भाषेत रचलेल्या 'पद्मावत'मुळे. इटलीत जन्मलेलं यंत्र, सोलापूरच्या उद्योजकाचा कारखाना, राजपूत राणीचं नाव आणि त्या नावामागे एका मुसलमान कवीचं काव्य. आपला देश एका पत्र्याच्या डब्यात कसा मावतो पाहा. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण पाना कुठे आला? तिकडेच येतो.

माझे गुरू म्हणजे पुण्याच्या नाना पेठेजवळ गॅरेज चालवणारे एक उस्ताद. शिक्षण चौथी. दहाव्या वर्षी मुंबईत कुर्ल्याला एका गॅरेजात पाने पुसायला लागले, पुढे टॅक्सींची कामं केली, मग पुण्याला आले. त्यांनी मला पहिला धडा दिला तो तीन शब्दांचा. 'करंट, पेट्रोल, दम.' पेट्रोलच्या इंजिनाला चालायला तीनच गोष्टी लागतात. वेळेवर पडणारी ठिणगी, हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधला दाब. गाडी बंद पडली की या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचं. तेही याच क्रमाने, कारण ठिणगी तपासायला दोन मिनिटं लागतात, पेट्रोल तपासायला दहा, आणि दाब तपासायला अवजार लागतं. स्वस्त प्रश्न आधी विचारायचा, महाग प्रश्न शेवटी.

ठिणगीचं यंत्र या गाडीत अगदी उघडं आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली दोन छोटे धातूचे ओठ असतात, त्यांना 'पॉइंट' म्हणतात. ते उघडमीट करतात आणि दर उघडण्याला कॉइल एक ठिणगी सोडते. त्या ओठांतलं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवं. ते मोजायला फिलर गेज असतं. नसेल तर आमचे उस्ताद सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा वापरत. नंतर एकदा मी गेज लावून पाहिलं, फरक नगण्य होता. ठिणग्या सिलिंडरांत ओळीने पडत नाहीत. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा त्यांचा क्रम. प्लगच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की इंजिन अडखळतं, फटाके फोडतं. गझलेत मात्रा इकडची तिकडे गेली की कान जसा दचकतो, अगदी तसं. उस्तादांना गझलेतलं काही कळत नाही; पण बंद डोळ्यांनी इंजिन ऐकून कोणता सिलिंडर बसला ते ते सांगतात.

एक प्रसंग सांगतो. मे महिन्यात सासवडकडे जाताना दिवे घाट चढताना गाडी बंद पडली. अर्धा तास थांबलो, सुरू झाली. पुढे पुन्हा बंद. रस्त्यावर जमलेल्या चार जाणत्यांचं एकमत होतं, की पेट्रोलची वाफ झाली. ते निराधार नव्हतं. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. इंजिन उपाशी राहतं. जुने ड्रायव्हर घाट चढण्याआधी पंपावर ओलं फडकं गुंडाळत, ते यासाठीच. पण अगदी हीच लक्षणं दुसऱ्या एका दुखण्याचीही असतात. म्हातारी झालेली कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर शहाणा होतो. मग ओळखायचं कसं? गाडी बंद पडल्याबरोबर, गार व्हायच्या आत, ठिणगी तपासायची. मी प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी निळी, टणक हवी. पडली ती पिवळी आणि मरतुकडी. पेट्रोल निर्दोष सुटलं. डिकीत जुनी पण चालू कॉइल होती, ती लावली आणि घाट चढलो.

यात मला मोटारीपेक्षा मोठं काही शिकायला मिळालं. एकाच परिणामामागे दोन कारणं असू शकतात. सर्वांना पटलेलं कारण खरं असेलच असं नाही. पुरावा गरम आहे तोवर तपासायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी चालू झाली, तर गाडी चालते, पण आपल्याला काहीच कळलेलं नसतं. इतिहासाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आपल्या समाजाने महिनाभर एखाद्या गॅरेजात उमेदवारी करायला हरकत नाही, असं मला पुष्कळदा वाटतं.

ही विद्या वाढली ती प्रामुख्याने टॅक्सीमुळे. कलकत्त्याची टॅक्सी ॲम्बेसेडर, तशी मुंबईची फियाट. कारखाना शहरातच, सुटे भाग हाताशी, आकार गर्दीत मावणारा. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पद्मिनी. त्या दिवसरात्र दोन पाळ्यांत चालत. एवढ्या गाड्या रोज रस्त्यावर ठेवायच्या म्हणजे मागे केवढी फौज लागत असेल! कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजारातली सुट्या भागांची दुकानं, डेंटिंगवाले, रेडिएटर झाळणारे, गाद्या शिवणारे, मीटरवाले. त्यांत उत्तर प्रदेशातून आलेले होते, कोकणातले होते, मराठवाड्यातले होते. या फौजेचं नाव कुठल्या कंपनीच्या इतिहासात नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातले कामगार तरी निदान संपांच्या बातम्यांतून दिसले. डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेची ताकद तिथे होती, पगारवाढीच्या लढाया तिथे झाल्या. फाटकाबाहेरच्या या कारागिरांचा ना संप झाला, ना करार.

उतरण सुरू झाली ती १४ डिसेंबर १९८३ या दिवशी. त्या दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, सहसा बंद न पडणारी गाडी. प्रीमियरने १९८५ साली '११८ एनई' आणली, फियाटचं जुनं शरीर आणि निसानचं इंजिन. ती चांगली होती, पण काळ पुढे गेला होता. १९९१ नंतर दारं उघडली आणि ज्यांनी तीस वर्षं रांगेत काढली त्यांनी रांग सोडली. त्यांना दोष कसा देणार? पद्मिनीवर प्रेम करताना हे विसरू नये, की आपण तिच्यावर जीव लावला कारण दुसरं कुणी समोर नव्हतं. स्वावलंबनाची म्हणून उभी राहिलेली गाडी संरक्षणाच्या उबेत सुस्तावली. चाळीस वर्षांत तिच्या इंजिनात मोलाची सुधारणा झाली नाही. तिचा धूर मुंबईच्या छातीत गेला. हेही त्या इतिहासातलंच पान आहे. २००० सालच्या सुमारास कुर्ल्यातलं उत्पादन थांबलं.

टॅक्सी मात्र धावत राहिल्या. पेट्रोलवरून सीएनजीवर गेल्या. टॅक्सीच्या वयाला आधी २५ वर्षांची आणि २०१३ साली २० वर्षांची मर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, एखादी गाडी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. ठेवावी. पण मला त्या दिवशी आठवण झाली ती कुर्ल्याच्या त्या गॅरेजांची. गाडी काचेआड ठेवता येते. पिवळी ठिणगी पाहून कॉइल ओळखणारी नजर कुठे ठेवणार?

हा प्रश्न माझ्यापुरता आता अगदी व्यवहाराचा झाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी-काया-इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणी शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरपाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरं. मान मोठा आहे. पण त्याची एक अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती बाहेर काढायची. दुसरीकडे, साध्या नोंदणीवर ठेवावी तर दर पाच वर्षांनी तपासणी, हरित कर आणि वाढतं शुल्क. २०२२ साली हे नूतनीकरण सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजारांवर गेलं आणि जुन्या गाड्यांसाठी पुढेही वाढलं. त्यात पेट्रोल बदललं. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉल ओलावा शोषतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपातला पडदा खातं. नव्या गाडीतला संगणक मिश्रण आपोआप जुळवून घेतो. कार्बोरेटरला ती अक्कल नाही. उस्तादांनी नळ्या बदलल्या, पडदा बदलला, जेट एका आकड्याने मोठा घातला. आणि सांगितलं, 'टाकीत पेट्रोल ठेवून महिना महिना उभी करू नका. चालवत राहा.'

सल्ला रबरापुरता होता, पण मी तो जरा मोठा करून घेतला आहे. माझी गाडी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. व्हीए पाटी घेतली तर ती वारसा होईल आणि घरात बसेल. साधी नोंदणी ठेवली तर ती म्हातारी गाडीच राहील, पण भाजी आणायला जाईल, घाटात तापेल, बंद पडेल आणि तिला चालू करणाऱ्याची गरज लागत राहील. मी दुसरा रस्ता धरला आहे. तपासणीत उतरते आहे तोवर, धूर मर्यादेत आहे तोवर. ज्या दिवशी ती दुसऱ्याच्या श्वासाला जड होईल त्या दिवशी तिने थांबावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. उस्ताद आता सत्तरीत आहेत. त्यांच्या गॅरेजात शिकायला कुणी पोरगं येत नाही. नव्या गाड्यांना संगणक लावून दोष वाचतात, तिकडे पगार आहे, आणि पोरांचं काही चुकत नाही. म्हणून रविवारी मी वही घेऊन बसतो. ते बोलतात, मी लिहितो. इंजिनाचा कोणता आवाज म्हणजे टॅपेट सैल आणि कोणता म्हणजे बेअरिंग गेलं. ब्रेकचा पेडल स्पंजासारखा लागला तर तेलात हवा शिरली आहे, तर ती आधी सर्वांत लांबच्या चाकातून काढायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना कसं उघडायचं. उत्तर, 'उघडायचंच नाही.' त्यांचे शब्द मी बदलत नाही. त्यांत उर्दू आहे, मराठी आहे, मोडलेलं इंग्रजी आहे, आणि मधूनच तुरीनच्या कारखान्यातून निघालेला एखादा शब्द घासून-पुसून ओळखू न येण्यासारखा झालेला आहे. वही दीडशे पानांच्या पुढे गेली आहे. छापण्यासारखी आहे की नाही ठाऊक नाही. पण तुमच्या गावात, तुमच्या बोळात असा एखादा कारागीर असेल. घड्याळजी, रेडिओ दुरुस्त करणारा, छापखान्यातला खिळे जुळवणारा, शिलाई मशीनवाला. त्याच्याकडे वही घेऊन जा, एवढंच सांगायचं आहे. जाताना एखादी बिघडलेली वस्तू बरोबर न्या. हातात काम असलं की ही माणसं मोकळेपणाने बोलतात.